सोळा हजार होनांचा साक्षीदार

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक आकडा हमखास फिरू लागतो. राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडावर शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि पारड्यात १६,००० होन, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, चढले. हा आकडा कोणी रचलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून मे १६७४ मध्ये मुंबईहून गडावर गेलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वृत्तांतात तो आहे. घोळ होतो तो पुढे. कोणीतरी एका होनाचं वजन शोधतं, त्याला सोळा हजारांनी गुणतं आणि महाराजांचं वजन जाहीर करून मोकळं होतं. होन २.८ ग्रॅमचा धरला तर उत्तर ४५ किलोच्या आसपास येतं, ३.४ ग्रॅमचा धरला तर ५४. मग एक गट म्हणतो, इंग्रजानं लिहून ठेवलंय म्हणजे खरंच. दुसरा म्हणतो, तो इंग्रजच, महाराजांना कमी लेखायला टपलेला.

दोघंही साक्षीदाराला न तपासता निकाल देतात. दख्खनमध्ये त्या काळी अनेक टाकसाळींचे, वेगवेगळ्या वजनांचे होन चालत होते. त्यातले कोणते पारड्यात पडले हे ऑक्झिंडेन सांगत नाही. त्यानं आकडा ‘सुमारे’ म्हणून दिला आहे. शिवाय धर्मशास्त्रात महादानं सोळा आणि त्यातलं पहिलं तुलापुरुष, म्हणजे स्वतःच्या भाराइतक्या सोन्याचं दान, तेव्हा नेमका सोळाचाच आकडा ऐकून कान जरा टवकारायला हवेत. योगायोग असेलही. पण तराजूच्या काट्याकडे बघून केलेली नोंद आणि गडावर कानी आलेली संख्या यांत फरक आहे, आणि एका ओळीचा आधार घेऊन किलोग्रॅमपर्यंत पोचणाऱ्यानं तो आधी ओलांडायला हवा.

इंग्रज प्रवाशांचं लिखाण आपण एक तर प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर टांगतो, नाहीतर शत्रूची बदनामी म्हणून केराच्या टोपलीत टाकतो. माझं म्हणणं असं, की तो जबाब आहे. जबाब घेताना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: तू तिथं होतास का, कोणाच्या बाजूनं उभा होतास, तुला भाषा कळत होती का, हे कधी लिहिलंस, आणि छापायला इतका वेळ का लावलास. हे प्रश्न विचारले की तोच मजकूर अचानक कामाचा होतो. न विचारता उतरवून घेतला तर स्तुतीही कुचकामी आणि निंदाही.

सुरुवात तारखेपासून करू, कारण सगळ्यात जास्त अपघात तिथंच होतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला असं आपण म्हणतो. ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे. पोप ग्रेगरीनं १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा पोर्तुगाल, स्पेन आणि फ्रान्सनं ते लगेच उचललं. प्रोटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्यालाच चिकटून राहिलं. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचं अंतर होतं, १७०० पासून ते ११ झालं. शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आजच्या पद्धतीनं मोजली तर १६ जूनला येते. म्हणजे एकाच दिवशी मुंबईचा इंग्रज कारकून ६ तारीख घालणार आणि गोव्याचा पोर्तुगीज कारकून १६. हे लक्षात न घेता दोन्ही कागद शेजारी ठेवले की एकच घटना दोनदा घडलेली दिसते, किंवा बातमी पोचायला दहा दिवस लागले असा भलताच शोध लागतो.

त्यात आणखी एक मेख आहे. इंग्रजांचं कायदेशीर नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १० फेब्रुवारी १६७४ असं लिहिलेलं इंग्रजी पत्र आपल्या हिशेबानं १६७५ चं असू शकतं. जपून लिहिणारे १६७४/७५ असं दुहेरी साल घालत, सगळे घालत नसत. पत्रव्यवहार लावताना उत्तर आधी आणि प्रश्न वर्षभरानं असा उलटा क्रम लागला, तर लिहिणाऱ्याला दोष देण्याआधी साल तपासावं.

आता साक्षीदार कुठं उभा होता ते पाहू. ऑक्झिंडेन हौशी प्रवासी नव्हता. १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार लुटली गेली होती, तिची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती हा त्याचा विषय. त्याला मराठी येत नव्हतं. सोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता आणि गडावर बोलणी प्रामुख्यानं महाराजांच्या दरबारातल्या निराजीपंतांमार्फत चालली. म्हणजे दरबारातलं मराठी वाक्य दुभाष्याच्या तोंडून जाऊन, इंग्रजीत उतरून, वरिष्ठांना खूश ठेवण्याच्या बेतानं अहवालात बसलं. यात कोणी खोटं बोललं असं नाही. पण प्रत्येक हस्तांतरात काहीतरी सांडतं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या सोनेरी टोकांवर लावलेली चिन्हं त्यानं टिपली आहेत: एका बाजूला मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची दोन डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटं आणि समतोल सोन्याचा तराजू. ही मोजदाद डोळ्यांची, म्हणून भक्कम. तराजू हे न्यायाचं चिन्ह आणि ही सारी पद्धत मुसलमानी दरबारांची, हा मात्र अर्थ आहे. तो त्याला कोणीतरी सांगितला असेल किंवा त्यानं स्वतः लावला असेल. एकाच वाक्यात बघितलेलं आणि लावलेलं असं शेजारी शेजारी बसतं, आणि आपण अवतरणचिन्हं देताना दोन्ही एकाच दोरीत बांधतो.

याहून मोठी चूक जॉन फ्रायरच्या बाबतीत होते. कंपनीचा हा डॉक्टर १६७२ च्या अखेरीस इंग्लंडहून निघाला, हिंदुस्थान आणि इराण फिरला आणि आठ पत्रांच्या रूपातलं त्याचं जाडजूड पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापून आलं. त्यात राज्याभिषेकाच्या वकिलातीचं वर्णन आहे. ते वाचून ‘प्रत्यक्षदर्शी फ्रायर म्हणतो’ असं बेधडक लिहिलं जातं. फ्रायर तिथं नव्हता. ऑक्झिंडेनच्या प्रवासाची हकिकत त्यानं आपल्या पुस्तकात सांगितली, आणि ती छापून यायला चोवीस वर्षं गेली. ज्याला सोहळ्याबद्दल बोलायचं आहे त्यानं कंपनीच्या दप्तरातला मूळ वृत्तांत बघायचा. १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं शिवकालीन इंग्रजी कागद छापले, तेव्हापासून तो सहज हाती येतो. फ्रायर वाचायचा असेल तर तो जिथं स्वतः गेला तिथला वाचावा.

उदाहरणार्थ जुन्नर. १६७५ मध्ये तिथल्या मोगल सुभेदारानं जनान्यातल्या रुग्णासाठी मुंबईहून इंग्रज वैद्य मागवला आणि फ्रायर कल्याण, मुरबाडमार्गे घाट चढून गेला. जनान्यात पडद्याआडून एक हात पुढे आला. त्यानं नाडी बघितली आणि हिला काही झालेलं नाही असं सांगितलं. तो हात खरंच एका धडधाकट दासीचा होता. आधी वैद्याची परीक्षा, मग रुग्ण. त्यानंतर खऱ्या आजारी बाईचा हात पडद्याबाहेर आला. या वैद्यावर विश्वास ठेवण्याआधी जुन्नरच्या लोकांनी त्याला एकदा तरी तपासला. साडेतीनशे वर्षांनी आपण तेवढेही कष्ट घेत नाही.

जुन्नर मोगलांकडे, वाटेतला मुलूख मराठ्यांकडे, मध्ये वर्षानुवर्षांची धामधूम. फ्रायर कुणब्यांच्या हलाखीबद्दल लिहितो आणि तिचा बोल शिवाजी महाराजांच्या अंमलाला लावतो. हे वाचून संतापायचं कारण नाही आणि जसंच्या तसं पाठ्यपुस्तकात घालायचंही नाही. ओसाड शेत आणि भुकेला माणूस या गोष्टी रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतात, त्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवावा. पण हे कोणामुळे झालं हे रस्त्यावरून दिसत नाही. ते कोणीतरी सांगावं लागतं, आणि फ्रायरचा मुक्काम सुभेदाराकडे होता.

कोणत्या घडीला पाहिलं याचंही तसंच. टॉमस ब्रॉटन हा दौलतराव शिंद्यांच्या छावणीतल्या इंग्रज रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी. १८०९ सालच्या छावणीबद्दल त्यानं लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. पुस्तक सुरेख आहे: बाजार, होळी, थंडीवारा, तंबूंची मांडणी, पगार थकले म्हणून धरणं धरून बसलेले शिपाई. तपशील इतका जिवंत की ‘मराठ्यांची छावणी अशी असे’ असं सर्रास त्यावरून ठोकून दिलं जातं. पण १८०९ म्हणजे असई, दिल्ली आणि लासवारीच्या पराभवांनंतरची सहा वर्षं. मुलूख गेलेला, कवायती पलटणी मोडलेल्या, राजपुतान्यात वसुलीसाठी फिरणारी, देणी थकलेली ती फौज होती. महादजींच्या छावणीचं चित्र त्यातून काढणं म्हणजे दिवाळं निघालेल्या पेढीच्या शेवटच्या महिन्याच्या खातेवहीवरून तिच्या भरभराटीचा अंदाज बांधणं. याउलट एडवर्ड मूर हा इंग्रज अधिकारी १७९० ते ९२ च्या टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर होता. तेव्हा इंग्रज आणि मराठे मित्र होते, आणि त्याचं पुस्तक १७९४ मध्येच आलं. या दोघांतला कोण खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. एकानं चालती फौज मित्र म्हणून पाहिली, दुसऱ्यानं मोडकी फौज पहारेकरी म्हणून.

त्याच १८१३ साली जेम्स फोर्ब्सचे चार भारदस्त खंड बाहेर पडले. ग्रंथसूचीत फोर्ब्स आणि ब्रॉटन जुळे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात फोर्ब्सनं मराठी राजकारण जवळून पाहिलं ते १७७५ मध्ये, कंपनीच्या फौजेच्या कर्नल कीटिंगचा चिटणीस म्हणून, राघोबादादांच्या बाजूनं. पाहणं आणि छापणं यांत अडतीस वर्षं. पुण्याच्या कारभाऱ्यांची बाजू त्याच्या कानावर कोणत्या गोटातून पडली असेल हे वेगळं सांगायला नको. म्हणून पुस्तकाचं साल हे साक्षीचं साल नव्हे, ही गाठ पदराला बांधलेली बरी. मोगल दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो, त्याच्या वकिलातीतला पाद्री एडवर्ड टेरी तर एकाच प्रवासाची दोन रूपं देऊन गेला. मोगल दरबाराबरोबर तो १६१६ ते १६१९ फिरला. १६२५ मध्ये त्याची आटोपशीर हकिकत एका मोठ्या संग्रहात छापली गेली आणि १६५५ मध्ये तीच धर्मोपदेशानं फुगवून वेगळं पुस्तक म्हणून आली. डोळे तेच, मधे तीस वर्षांची प्रवचनं. उद्धृत करायचा तर पहिला टेरी करावा. दुसरा तेव्हाच्या इंग्लंडच्या मनाबद्दल जास्त सांगतो, इथल्याबद्दल कमी.

चिंचवडचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण तिथं एकाच उंबऱ्यावर दोन इंग्रज नऊ वर्षांच्या अंतरानं उभे राहिले. मोरया गोसावींच्या घराण्यात गणपतीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या उतरतो या श्रद्धेची कीर्ती पुण्यातल्या इंग्रजांपर्यंत पोचली होती. मूर १८०० मध्ये गेला. त्यानं घराण्याची परंपरा विचारली, पिढ्यांचा क्रम लावला आणि ते टिपण कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापलं. मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये गेली. तिची रोजनिशी १८१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला जागा गलिच्छ दिसली, खिडक्याखिडक्यांतून गुटगुटीत ब्राह्मण दिसले, आणि साध्या ओसरीवर ठेंगण्या पाटावर बसलेला देव म्हणजे एक लहान मुलगा. इतर मुलांहून वेगळं काय, तर डोळ्यांतला भेदरलेपणा; आणि तो रोज खाऊ घातल्या जाणाऱ्या अफूमुळे आहे असं, ती म्हणते, सांगितलं जातं.

सगळी मेख या ‘सांगितलं जातं’ मध्ये आहे. कोणी सांगितलं? कोणत्या भाषेत? पाट, ओसरी, मुलगा, त्याचे डोळे हे तिनं पाहिलं. अफू नाही पाहिली. अनोळखी गोऱ्या बाईकडे टक लावून बघणाऱ्या, खेळायला न मिळणाऱ्या पोराच्या डोळ्यांत भेदरलेपणा यायला अफूच लागते असंही नाही. पण वाक्य चटकदार होतं आणि चटकदार वाक्यं टिकतात. पुढच्या पुस्तकांत ते उतरत गेलं, आणि अशा उताऱ्यांत ‘असं म्हणतात’ हे शेपूट पहिल्यांदा गळतं. सतीपासून जगन्नाथाच्या रथापर्यंत अनेक वर्णनांचा प्रवास असाच झाला. म्हणून इंग्रजी मजकूर वाचताना दिसलं, ऐकलं, म्हणतात, वाटतं ही क्रियापदं अधोरेखित करावीत. पानभर मजकुरातून पाहिलेलं वेगळं काढलं की कधी कधी चारच ओळी उरतात. त्या चार ओळी सोन्याच्या.

सोन्यावरून वजनमापं. इंग्रजांचा मण एक नव्हता. सुरतेचा सतराव्या शतकातला मण सुमारे ३७ पौंडांचा, मुंबईचा पुढे रूढ झालेला २८ पौंडांचा आणि एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये ठरलेला ८२ पौंडांहून थोडा जास्त. सभासदाच्या बखरीत सिंहासन बत्तीस मणांचं आहे. मुंबईच्या मणानं ते चारशे किलोंच्या जरा वर जातं, सुरतेच्यानं साडेपाचशेजवळ आणि बंगालच्यानं जवळपास बाराशे. फिरणाऱ्या संदेशांत कोणता मण वापरला जातो हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. इथं आपला बखरकारही त्याच पिंजऱ्यात उभा राहतो, आणि राहायलाच हवा. सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला, आठवणीवर भिस्त ठेवून लिहिलं. तो राज्याभिषेकाचा खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन सांगतो. ऑक्झिंडेनच्या हकिकतीत तुलेचे सोळा हजार आणि ब्राह्मणांना वाटायचे आणखी एक लाख होन आहेत. दोन्ही आकडे समोर ठेवून कोणता कशाचा आहे हे शोधण्याऐवजी, आपला म्हणून एक आणि परका म्हणून दुसरा निवडायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाचंही तेच झालं. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते छापलं तेव्हा त्यात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर वाचकांना मिळाला तो दत्तो वामन पोतदारांमुळे, १९६६ मध्ये. संपादकाची कात्री फक्त लंडनमध्येच चालते असं नाही.

यावर एक आक्षेप ठाम आणि रास्त आहे. ही माणसं राज्य करायला आली होती. त्यांच्या वर्णनात आळशी, कपटी, अंधश्रद्ध अशी विशेषणं ठासून भरली आहेत आणि त्या विशेषणांवर पुढे कायदे आणि धोरणं उभी राहिली. खरं आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना वाचू नये असा नाही. विशेषणं सोडून नामं वाचावीत, असा आहे. ‘हे लोक असे असतात’ या छापाची वाक्यं इथल्या समाजाचा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी असतात. लिहिणाऱ्याच्या समाजाचा पुरावा म्हणून मात्र ती जपून ठेवावीत. आणि हा न्याय स्तुतीलाही लागू. एखाद्या साहेबानं आपल्या पूर्वजांना शूर म्हटलं की ते वाक्य किल्ल्याच्या फलकावर चढतं. त्याच साहेबानं पुढच्याच पानावर केलेली हेटाळणी मात्र अनुवादात येत नाही. निवडून घेतलेली स्तुती ही आपणच चालवलेली कात्री.

फलकावरून आठवलं, तिथं करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते महागही नाही. प्रवाशाचं वाक्य जिथं जिथं वापरलं जातं, मग ते वस्तुसंग्रहालय असो, पाठ्यपुस्तक असो की गडावरची पाटी, तिथं खाली दोन ओळी द्याव्यात: लिहिणारा कोण आणि कोणाच्या नोकरीत, त्यानं पाहिलं कधी, छापलं कधी, स्वतः पाहिलं की ऐकलं, तारीख जुन्या कॅलेंडरची की नव्या. मराठीत ‘परकीयांच्या नजरेतून’ थाटाची संकलनं भरपूर निघतात आणि त्यांत नेमकं एवढंच नसतं. फ्रायरची इंग्रजीतली टिपांसह आवृत्ती १९०९ ते १९१५ दरम्यान तीन खंडांत निघाली. त्यानं वेडंवाकडं लिहिलेलं ‘जेनिअ’ म्हणजे जुन्नर आणि ‘कोम्बी’ म्हणजे कुणबी हे तिथं उलगडलेलं आहे. मराठी अनुवादकानं ही नावं जशीच्या तशी ठेवून तळटीप द्यावी. गुपचूप दुरुस्त केली की वाचकाला लिहिणाऱ्याच्या कानाचा अंदाज येत नाही, आणि एखादं नाव चुकीचं ओळखलं गेलं असेल तर ती चूक कायमची लपते.

राहता राहिली एक नोंद, जी कधी कोणी पुढे पाठवत नाही. रायगडावरचं रोजचं जेवण म्हणजे डाळ-तांदूळ एकत्र करून लोण्यात शिजवलेली खिचडी, आणि इंग्रजांना तर रोज मटण हवं. ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता. इंग्रज परत निघण्याआधी तो मुद्दाम गड चढून त्यांना बघायला आला. त्याचं म्हणणं एवढंच, की त्यानं कित्येक वर्षांत विकलं नसेल इतकं मांस या मोजक्या माणसांनी थोड्या दिवसांत संपवलं, तेव्हा अशी माणसं दिसतात तरी कशी ते एकदा पाहून घ्यावं.